होऽऽ!

पिंपळखेड्याच्या शाळेला संस्थेचे अध्यक्ष दहिफळेसाहेब यांनी स्मार्ट बोर्ड दिला आणि उद्घाटनालाच जाहीर केलं, "आता तीन वर्गांना एक शिक्षक पुरे. बटण दाबायचं, बस्स!"

बोर्डावर पावसाचा धडा लागला. शेवटी त्यातल्या बाईंनी विचारलं, "समजलं का, मुलांनो?"

"होऽऽ!" वर्ग एका सुरात ओरडला.

"बघा!" साहेबांनी सराव पाठासाठी आलेल्या बी.एड.च्या शर्वरी टेकाळेला हेरलं. "काय हो होणाऱ्या बाई, आता तुम्ही काय शिकवणार?"

शाळेतले शिक्षक मान खाली घालून बसले होते. त्यांच्या पोटावरच पाय येत होता. शर्वरी मात्र उठली. "साहेब, एकदा मीही बटण दाबू?"

तिने तोच धडा कानडीत लावला. खानदेशातल्या पोरांना कानडीचा गंधही नव्हता. शेवटी बोर्डावरच्या बाईंनी त्याच लाडिक सुरात काहीतरी विचारलं.

"होऽऽ!"

साहेब चमकले. पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "अगं, काय समजलं?"

"काहीच नाही."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"विचारलं की हो म्हणायचं असतं, साहेब."

साहेब भडकले. "म्हणजे बोर्ड परत पाठवू?"

"छे, बोर्ड हवाच," शर्वरी म्हणाली. "पण 'हो' म्हणणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही. तो बघायला वर्गात माणूस लागतं. समजलं ना, साहेब?"

"हो, हो!" साहेब घाईघाईने म्हणाले.

"मग सांगा बघू, काय समजलं?"

सगळा वर्ग साहेबांकडे बघू लागला. साहेब घसा खाकरून पुटपुटले, "प्रत्येक वर्गाला एक शिक्षक."

"होऽऽ!" पोरं ओरडली. या खेपेला मात्र समजून.