डुबक्याला हवी बोटुकली

शेतात एक तळं होतं. जुनं जुनं तळं. तळ्यात गाळच गाळ. पाणी घोटाभर.

तळ्यात राहायचा एक बेडूक. इवलासा. त्याचं नाव डुबक्या.

शेताचे मालक रंगूतात्या. त्यांनी तळ्यात मासे सोडले होते. जिऱ्याएवढे मासे! डुबक्या त्यांच्याशी दिवसभर शिवाशिवी खेळायचा.

मग थंडी आली. हूऽऽ हू. घोटाभर पाणी गारेगार झालं. जिऱ्याएवढे मासे गारठले. एकही उरला नाही.

डुबक्या एकटा उरला. फार फार रडला. डोळे आधीच मोठे, ते आणखी मोठे झाले!

उन्हाळा आला. डुबक्या उठला. टुण टुण टुणूक, निघाला.

गावात राहायची हौसामावशी. ती मासे वाढवायची.

"मावशी, मासा दे. जिऱ्याएवढा."

"नगं रं बाळा," मावशी म्हणाली. "जिऱ्याएवढा थंडीत टिकत न्हाई. बोटाएवढा लागतो. त्याला म्हणत्यात बोटुकली."

डुबक्यानं आपलं बोट पुढं केलं. "एवढा?"

मावशी खो खो हसली. "आरं, तुझ्या बोटाएवढा न्हवं! माझ्या!"

मग म्हणाली, "पर तुझं तळं उथळ. ऊब असती खोल पाण्यात. आधी तळं खोल कर. मग मासा देते."

टुण टुण टुणूक. डुबक्या गेला तात्यांकडे.

"तात्या, तात्या, तळं खणा!
तळं खोल होईल,
मावशी मासा देईल,
मग मी एकटा नाही!"

तात्या म्हणाले, "खणलं असतं रं. पर फावड्याचा दांडा मोडलाय. बाभळीकडनं दांडा आण. मग खणतो."

टुण टुण टुणूक. डुबक्या गेला बाभळीकडे.

"बाभूळताई, दांडा दे!
तात्या तळं खणतील,
तळं खोल होईल,
मावशी मासा देईल,
मग मी एकटा नाही!"

बाभूळ म्हणाली, "मला भूक लागलीय. म्हशीकडून शेण आण. मग दांडा देते."

शेण? खायला? शी! पण बाभळीला ते आवडतं, आपण काय बोलणार!

टुण टुण टुणूक. डुबक्या गेला म्हशीकडे.

"म्हशीआजी, शेण दे!
बाभूळ दांडा देईल,
तात्या तळं खणतील,
तळं खोल होईल,
मावशी मासा देईल,
मग मी एकटा नाही!"

म्हैस म्हणाली, "पोटात काही नाही, शेण कुठलं? गवताकडून हिरवे शेंडे आण. मग शेण देते."

टुण टुण टुणूक. आता डुबक्याचे पाय दुखायला लागले. तरी तो गेला गवताकडे.

"गवतदादा, शेंडे दे!
म्हैस शेण देईल,
बाभूळ दांडा देईल,
तात्या तळं खणतील,
तळं खोल होईल,
मावशी मासा देईल,
मग मी एकटा नाही!"

गवत म्हणालं, "शेंडे कुठून देऊ? हे नाकतोडे बघ. कुरूम कुरूम सगळं खातात. यांना कुणीतरी घालवा!"

डुबक्यानं नाकतोडे पाहिले. हिरवे. गुबगुबीत. डुबक्यानं तोंड उघडलं. जीभ बाहेर काढली.

गट्टम!
गट्टम!
गट्टम!

नाकतोडे संपले. डुबक्याचं पोट टम्म झालं.

मग काय!
गवतानं शेंडे दिले.
म्हशीनं शेण दिलं. थप्प!
बाभळीनं दांडा दिला. कट्ट!
तात्यांनी तळं खणलं. खस्स खस्स, खस्स खस्स. एक दिवस, दोन दिवस, कित्ती तरी दिवस! तळं खोल झालं. तात्या आत उभे राहिले, तर नुसती टोपी दिसली.

पाऊस पडला. तळं भरलं.

मग हौसामावशी आली. डोक्यावर हंडा. हंड्यात बोटुकल्या! डुबक्या नाचायला लागला. "सोड ना! लवकर सोड ना!"

"दम धर," मावशी म्हणाली. तिनं हंडा तळ्यात नुसता टेकवला. "आधी त्यांची पाण्याशी वळख हुंदे."

डुबक्यानं दम धरला. फार कठीण गेलं. मग मावशीनं हंडा कलता केला. सुळ्ळकन, सुळ्ळकन, बोटुकल्या तळ्यात! डुबक्या त्यांच्याशी रोज शिवाशिवी खेळायला लागला.

आणि मग थंडी आली. हूऽऽ हू.

डुबक्या सकाळी काठावर आला. वर एकही मासा नाही. या कोपऱ्यात नाही. त्या कोपऱ्यात नाही.

"बोटुकल्यांनो!"

एकही वर आली नाही. डुबक्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं मोठ्ठा श्वास घेतला. डुबुक!

खाली गेला. आणखी खाली. आणखी खाली. अरे! इथं तर छान ऊब होती.

आणि तिथंच बसल्या होत्या बोटुकल्या. सगळ्या. एकीला एक चिकटून. मधे थोडी जागा मोकळी होती. बेडकाएवढी.

"किती वेळ लावलास, डुबक्या!" त्या म्हणाल्या. "कधीची तुझी जागा धरून ठेवलीय."