सहावा सज्जा

"धोंडजी, हे सज्जे बांधलेस की पन्हळी?" राजा गजसेन भर दरबारात कडाडला.

झाले होते असे. पाच राण्यांना न्हाल्यावर केस वाळवता यावेत म्हणून राजाने गोल बुरुजाला पाच मजल्यांवर पाच लाकडी सज्जे लावून घेतले. एकावर एक, अगदी सरळ रेघेत; हा हट्टही राजाचाच! सर्वांत वरच्या राणीने केस झटकले, की खालच्या चौघी पुन्हा भिजत. राजवाड्यात अबोला सुरू झाला आणि महाराजांना एकट्यानेच जेवावे लागू लागले.

"आठ दिवसांत सज्जे हलव! मजल्याला एकच सज्जा, आणि एकीचे पाणी दुसरीवर पडता कामा नये. नाही जमले, तर राज्याबाहेर चालू लाग!"

बिचारा धोंडजी गवंडी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "एक पुढं, एक मागं बांधला, तर तिसरा पुन्हा पहिल्यावर येतो. थोडाथोडा सरकवला, तर शिंतोडे उडतात. करू तरी काय?"

त्याची मुलगी गोजरी पूजेसाठी जास्वंदीची फुले तोडत होती. "आबा, या फांदीवर एवढी पानं, पण वरचं पान खालच्याचं ऊन अडवत नाही. कसं बरं?"

तिने पानापानाच्या देठाला दोरा लावत नेला. दोरा फांदीभोवती फिरत गेला आणि पाच पाने पाच दिशांना निघाली. धोंडजी ताडकन उठला!

आठव्या दिवशी सज्जे त्या पानांसारखेच बुरुजाभोवती फिरत बसले. गुडघे दुखतात म्हणून थोरल्या राणीने सगळ्यांत खालचा घेतला. पाचही जणींनी एकदम केस झटकले. एकीवरही थेंब नाही!

"कोणी शिकवले हे?" राजाने दरबारात विचारले.

"जास्वंदीनं, महाराज." बापाबरोबर आलेल्या गोजरीने फांदी पुढे केली.

राजाने मिशीला पीळ दिला. "मग आणखी एक सज्जा वर चढवा. सहावी राणी आणायची म्हणतोय! पण अट तीच. नाहीतर तुझा बाप राज्याबाहेर!"

पडद्याआड पाच जणींच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

गोजरीने फांदी राजाच्या हातात दिली. "हे खालचं पहिलं पान, महाराज. हे दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. सहावं तुम्हीच शोधा."

राजाने बोट फिरवत नेले. बोट थांबले ते थेट पहिल्या पानाच्या वर!

"पहिला सज्जा कोणाचा, महाराज?"

"थोरल्या राणीचा," राजा पुटपुटला.

"जास्वंदीला जमलं नाही, ते आबांना कसं जमेल? तरी हुकूम असेल, तर आजच बांधतो. फक्त वरून पाणी पडलं की थोरल्या राणीसाहेबांची समजूत काढायला खाली तुम्ही उभं राहायचं!"

पडद्याआडून थोरली राणी हळूच खाकरली.

राजाने एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा फांदीकडे, आणि पोट धरधरून हसू लागला. "प्रधानजी, सहावीसाठी घडवलेल्या सोन्याच्या पाटल्या आणा, आणि या पोरीच्या हातात घाला!"