एका म्हशीचं अंतर

एका गावात एक विमानतळ होता. गाव लहान, विमानतळ मोठा. कुंपणापलीकडे गावातल्या म्हशी चरायच्या. डोक्यावरून विमान गेलं तरी त्या मान वर करायच्या नाहीत.

विमानतळाच्या मनोऱ्यात नरहरी नावाचा माणूस बसायचा. कोणत्या विमानानं आधी उतरायचं आणि कोणत्यानं वर थांबायचं, हे रेडिओवर सांगणं त्याचं काम. माणूस सज्जन, पण भिडस्त. इतका, की जन्मात कुणाला 'नाही' म्हणाला नव्हता. एकदा शेजाऱ्यानं त्याची सायकल मागितली. "न्या," म्हणाला. तासाभरानं दुसऱ्या शेजाऱ्यानं तीच सायकल मागितली. "न्या की," म्हणाला. दोघं शेजारी सायकलीची दोन टोकं धरून अर्धा दिवस भांडले. एकाचा दात पडला. पण नरहरीला कुणी वाईट म्हटलं नाही. अशा माणसाबद्दल तक्रार येत नाही, आणि ज्याच्याबद्दल तक्रार येत नाही त्याला बढती मिळते. असा नरहरी मनोऱ्यात पोचला.

एका दुपारी ढग अगदी खाली आले होते. पूर्वेकडून एक विमान आलं. त्यात नवरीकडचं वऱ्हाड होतं.

पायलट म्हणाला, "नरहरीकाका, मुहूर्त बारा अठराचा आहे. आधी मला घ्या."

"या," नरहरी म्हणाला.

तेवढ्यात पश्चिमेकडून दुसरं विमान आलं. त्यात पुढारी होते. विमानतळावरच्या सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं.

तो पायलट म्हणाला, "काका, साहेब चिडलेत. आधी मला."

नरहरीला घाम फुटला. वऱ्हाडाला थांबवावं तर मुहूर्त टळतो. पुढाऱ्यांना थांबवावं तर पुढारी चिडतात. तो म्हणाला, "तुम्हीही या. फक्त जरा सावकाश या." त्याला वाटलं, दोघांपैकी एक जण आपणहून समजून घेईल.

कुणी समजून घेतलं नाही. ढगातून दोन्ही विमानं एकदम बाहेर आली, समोरासमोर. वऱ्हाडाच्या पायलटनं नाक वर ओढलं, दुसऱ्यानं खाली दाबलं. दोघांच्या मधून एक म्हैस गेली असती, एवढंच अंतर राहिलं. दुसरी म्हैस मावली नसती.

मुहूर्त टळला. लग्न संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर लागलं. दुसऱ्या दिवशी केतकी, म्हणजे ती नवरी, बुंदीच्या लाडवांचा पुडा घेऊन मनोऱ्याच्या चौसष्ट पायऱ्या चढून आली. हातावरची मेंदी अजून ताजी होती.

"काका, समोरच्या विमानात एक माणूस चिवडा खात होता. मी त्यातले शेंगदाणे मोजू शकले असते."

नरहरी ओशाळवाणं हसला.

"हसू नका. पाचपरतावणाला माहेरी जाणार आहे आणि आठव्या दिवशी याच रस्त्यानं परत येणार आहे. त्या दिवशी एकाला तरी थांबवा."

"बरं."

"शपथ घ्या."

नरहरीनं शपथ घेतली. लाडूही घेतला. नको म्हणणं जमलं नाही.

मग शहरातून चौकशीचे साहेब आले. त्याआधी दोन्ही पायलट एकेक करून भेटून गेले. पहिला म्हणाला, "काका, माझं नाव नको." नरहरी म्हणाला, "बरं." दुसरा म्हणाला, "माझंही नको." नरहरी म्हणाला, "बरं." राहिला एकटा नरहरी. आपली चूक आपण सांगायची असं त्यानं रात्रभर ठरवलं होतं. पण साहेबांना साडेचारची गाडी गाठायची होती.

साहेब म्हणाले, "चूक कुणाची, या रकान्यात काहीतरी भरावं लागतं. त्या दिवशी वारा होता का?"

"थोडा होता."

"मग वारा लिहू?"

नरहरीच्या ओठांवर 'माझी' हा शब्द आला होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. नरहरी म्हणाला, "बरं."

गुन्हा सिद्ध झाला. आता शिक्षा द्यायला हवी. वाऱ्याला नोटीस देता येईना. धावपट्टीच्या कडेला खांबावर एक कापडी पिशवी फडकायची. वारा कुठून येतोय ते तिच्यावरून कळायचं. वाऱ्याशी तिचे जुने संबंध आहेत, असं अहवालात आलं. पिशवी निलंबित झाली. तिची घडी घालून कपाटात ठेवली आणि वर कुलूप लावलं. सुरक्षा सप्ताहाच्या समारोपाला पुढाऱ्यांनी नरहरीला शाल-श्रीफळ दिलं. प्रसंगावधानाबद्दल. नरहरीनं तेही घेतलं.

आठवा दिवस उजाडला. पुन्हा ढग खाली आले होते. पूर्वेकडून केतकीचं विमान आलं. नरहरीनं आवाजावरून ते विमान ओळखलं आणि तो म्हणाला, "या." तेवढ्यात पश्चिमेकडून आंब्याच्या पेट्यांचं विमान आलं.

"काका, माल पिकायला लागलाय. घेता का आत?"

नरहरीला शपथ आठवली. लाडू आठवला. त्यानं बटण दाबलं. 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं.

पायलट म्हणाला, "तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही म्हणून बिनधास्त आलोय."

एवढा भरवसा टाकलेल्या माणसाचं मन मोडायचं कसं?

"या," नरहरी म्हणाला. "जरा सावकाश."

या वेळी मध्ये म्हैस मावली नाही.

त्या दिवशी म्हशींनी पहिल्यांदा मान वर केली. शेतभर आंबे पडले होते. गावात कुणी ते उचलले नाहीत.

चौकशीला तेच साहेब आले. नरहरी खुर्चीत बसला होता. खांदे पडलेले. समोर लाडवांचा रिकामा पुडा होता. साहेबांनी अहवाल उघडला, त्या रकान्यात लिहिलं आणि मग विचारलं, "वारा?"

"नाही," नरहरी म्हणाला.

त्याच्या आयुष्यातला तो पहिला नकार. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

"वारा नव्हता. मी दोघांनाही 'या' म्हणालो. मागच्या वेळीही मीच म्हणालो होतो."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं.

"अहो, पण मी शाईनं लिहिलंय," ते म्हणाले. "आता खाडाखोड बरी दिसत नाही. राहू देऊ का?"

खिडकीबाहेर रिकामा खांब दिसत होता. नरहरी त्याच्याकडे बघत राहिला. साहेब भले माणूस होते. त्यांची साडेचारची गाडी होती.

"बरं," नरहरी म्हणाला.

तात्पर्य: ज्याला कुणाचंच मन मोडवत नाही, तो एक दिवस माणसं मोडतो. आणि दोष वाऱ्यावर ढकलला तरी वारा मरत नाही, पुढच्या खेपेची माणसं मरतात.