कागदाची मागची बाजू

“पण बाबा, शाई उडून गेली तर मागे काय राहील?”

चेतनगिरीने हे आधीही विचारले होते. सोमगिरीबाबा महिनाभर अंथरुणाला खिळून होते. खोकला पाठ सोडत नव्हता. त्यांची वचने मठातल्या हातछापखान्यात छापण्याचे काम या पट्टशिष्याने अंगावर घेतले होते. पुस्तक आधी संपते की बाबा, या धास्तीने त्याचा जीव टांगणीला लागला होता.

“मग काय केलंस?” बाबांनी विचारले.

“कागदामागे जाड पुठ्ठा घातला. यंत्राचा दांडा सगळा जोर लावून ओढला. अक्षरांचे शिशाचे खिळे असे रुतलेत बाबा, की शाई गेली तरी अक्षर जाणार नाही. आंधळ्यालासुद्धा बोटांनी वाचता येईल!”

काळजी होतीच, पण स्वारीची छातीही थोडी फुगली होती.

बाबांनी त्याने आणलेल्या कागदावरून बोट फिरवले.

“खोल आहे.”

“आहे ना?”

बाबांनी कागद उलटा केला. अंगावर पित्त उठावे तसे कोऱ्या बाजूवर फुगवटे आले होते.

“इथे काय येणार?”

“तुम्ही परवा सांगितलंत ते.”

“छाप.”

त्या पानाचे खिळे जुळवून तयारच होते. चेतनगिरी गेला, आणि परतला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. फुगवट्यांवर शाई फासली होती आणि मधल्या खळग्यांत अक्षरच उमटले नव्हते.

“वाच.”

“वाचता येत नाही, बाबा.”

बाबांनी कागद त्याच्या हातात परत दिला.

“मग छापू तरी कसं?” चेतनगिरीचा आवाज चिरकला. “हलकं छापावं तर पुसून जाईल. जोर लावावा तर पुढचं उमटत नाही. तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू? मला भीती वाटते हो!”

एवढा थोरला गोसावी, पण लहान पोरासारखा रडू लागला. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घट्ट आवळून धरला.

खोकल्याची उबळ आली… गेली.

बाबा हळूच म्हणाले, “जरा सैल धर, बाळा. मला या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचंय.”