भरलेले पेले

"पण बुवा, पाणी का घेत नाही तुम्ही?"

विश्वंभरने पेला पुन्हा बुवांच्या ओठांशी नेला. बुवांनी तोंड फिरवलं.

आश्रमातला म्हाताऱ्यांचा हा दवाखाना डॉक्टर झाल्यावर विश्वंभरनेच उभा केला होता. पांढऱ्याशुभ्र चादरी, फरशीवर डाग नाही, कुठं वास नाही. पाहुण्यांना फिरवून दाखवताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि ज्यांनी त्याला नाडी धरायला शिकवलं, ते त्याचे गुरू सहजबुवा त्याच्याच दवाखान्यात पाण्यावाचून सुकत चालले होते. ज्या तापासाठी त्यांना इथं आणलं, तो कधीच उतरला होता. लघवी जवळजवळ बंद झाली होती. असंच चाललं तर बुवा हातचे जाणार, हे त्याला कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

"व्रत आहे का काही?"

"छे रे."

"मग माझ्यावर राग?"

बुवांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"सलाइनची सुईही उपटून काढलीत. लहान मुलासारखं काय करता! हे बघा, आधी मी पितो."

त्याने पेला गटागट रिकामा केला, पुन्हा भरला. बुवांनी तो हाताने दूर सारला.

सकाळपासून तो तिथंच बसून होता. थोड्या वेळाने चुळबुळत उठला.

"आलोच बुवा."

बुवांनी त्याचं मनगट धरलं. त्या हाडकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"कुठं निघालास?"

"जरा... लघवीला."

"उठायचं कशाला? डायपर लाव. त्यातच कर."

विश्वंभर हसला. मग ते हसू ओठांवरच राहिलं. शब्द त्याचेच होते. म्हातारं माणूस उठलं तर पडेल, पडलं तर हाड मोडेल, म्हणून सेवेकऱ्यांना त्यानेच ते शिकवले होते.

त्याने खोलीभर नजर फिरवली. प्रत्येक खाटेशी पाण्याचा पेला होता. सगळे काठोकाठ भरलेले, कुणी घोटही घेतला नव्हता.

"मी नेतो बुवा. आत्ता नेतो. मग प्याल ना?"

त्याने त्यांना कवेत घेऊन उभं केलं. इतके दिवस खाटेवर पडून पाय वाळून गेले होते. ते जमिनीला टेकले आणि तसेच मुडपले. त्याने पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच... शेवटी बुवांनीच त्याच्या पाठीवर थोपटून त्याला थांबवलं.

त्यांना निजवून विश्वंभर खाली बसला आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकून ढसाढसा रडला. एवढं शिकून त्याने आपल्याच गुरूला अंथरुणाला खिळवलं होतं.

"आता काय करू मी? सांगा ना बुवा..."

बुवांनी पलीकडच्या खाटेकडं बोट केलं. तिथं एक म्हातारे गृहस्थ पांघरूण बाजूला सारून, एक पाय खाली सोडून, दाराकडं बघत बसले होते.

"माझं राहू दे आता. त्यांचे पाय अजून आहेत, त्यांना ने."