बुंदीची पाठ चुरचुर

चूक म्हाकूआज्जाची. दुसऱ्या कुणाचीच नाही.

म्हाकूआज्जाकडे मेंढरं होती. मेंढरांत एक कोकरू होतं. त्याचं नाव बुंदी. बुंदीच्या अंगावर जावळ. पांढरं पांढरं, मऊ मऊ. आज ते कातरायचं होतं.

आज्जी म्हणाली, "अवं, सकाळच्या गारव्यात कातरा. लेकराला ऊन लागंल."

आज्जा म्हणाला, "मला शिकवू नगं. लई कोकरं कातरलीत म्या."

आज्जी बाजाराला गेली. आज्जानं चहा घेतला. पान खाल्लं. पुन्हा चहा घेतला. ऊन तापलं. चटचट तापलं. तेव्हा कुठं आज्जानं कातर हातात घेतली.

कच् कच् कच्!

जावळ गेलं. बुंदी उघडी पडली. इवलीशी, गुलाबी गुलाबी.

आज्जानं त्या जावळाची उशी केली. घोडी उभी होती, तिच्या सावलीत आडवा झाला.

घुर्रर्र फुस्स! घुर्रर्र फुस्स!

आणि बुंदी? बुंदी उन्हात. मोठ्या माणसांना आपली सावली बरोबर सापडते.

बुंदी खेळली. बुंदी बागडली. पाठ झाली लाल लाल. चुरचुर चुरचुर!

बुंदी आईकडे गेली. आईनं तिला जवळ घेतलं.

"आई गं! नको! दुखतं!"

आता काय करायचं? आईला चिकटल्याशिवाय बुंदीला झोपच येत नाही.

आई म्हणाली, "कोरफडीचा गर गार असतो. जा, मागून आण." आई काही उठली नाही. बसल्या जागी रवंथ करत राहिली.

बुंदी निघाली एकटीच. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक. बांधावर होती कोरफड.

"कोरफडमावशी, कोरफडमावशी, गर दे ना!
पाठ माझी चुरचुर चुरचुर!"

कोरफड म्हणाली, "कुठला देऊ? मीच सुकलेय पाण्यावाचून. आधी बादली भरू दे. मग देते."

बुंदी निघाली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक. विहिरीपाशी होती बादली. पालथी पडलेली.

"बादलीकाकू, बादलीकाकू, भर ना!
कोरफड गर देईना,
पाठ माझी चुरचुर चुरचुर!"

बादली म्हणाली, "म्हणजे काय, विहिरीत उडी मारू? आधी दोर सुटू दे. मग भरते."

बुंदी निघाली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक. दोर होता घोडीच्या खुराखाली. दबलेला.

"दोरमामा, दोरमामा, सूट ना!
बादली भरेना,
कोरफड गर देईना,
पाठ माझी चुरचुर चुरचुर!"

दोर म्हणाला, "दिसत नाही? घोडी उभी आहे माझ्यावर. आधी घोडी हलू दे. मग सुटतो."

बुंदीनं मान वर केली. वर, वर, आणखी वर. तिथं होतं घोडीचं तोंड.

"घोडीआत्या, घोडीआत्या, हल ना!
दोर सुटेना,
बादली भरेना,
कोरफड गर देईना,
पाठ माझी चुरचुर चुरचुर!"

घोडी म्हणाली, "छे गं बाई! मी हलले की आज्जाची सावली हलेल. तो ओरडेल. आधी आज्जा उठू दे. मग हलते."

बुंदी गेली आज्जाच्या कानाशी. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

"म्हाकूआज्जा, म्हाकूआज्जा, ऊठ ना!
घोडी हलेना,
दोर सुटेना,
बादली भरेना,
कोरफड गर देईना,
पाठ माझी चुरचुर चुरचुर!"

आज्जानं एक डोळा उघडला.

"काय बी व्हत न्हाई. आमी न्हाई पोळलो व्हय ल्हानपणी? तेल चोळ. गप बस."

डोळा मिटला. घुर्रर्र फुस्स!

तेल म्हणे! पोळलेल्या पाठीवर कुणी तेल चोळतं का?

मावशीला विचारलं. काकूला विचारलं. मामाला विचारलं. आत्याला विचारलं. आज्जाला विचारलं. सगळे मोठे. आणि सगळ्यांचं आपलं, आधी तो, मग मी!

बुंदी म्हणाली, "बास! आता विचारायचं नाही."

आज्जाच्या डोक्याखाली जावळ होतं. कुणाचं? बुंदीचं! बुंदीनं ते दातांत धरलं. पाय रोवले. आणि ओढलं.

सर्रर्र... धप्प!

आज्जाचं डोकं आपटलं जमिनीवर.

"आयायायाया! माझी उशी कुणी नेली?"

आज्जा उठला.
आज्जा उठला, घोडी हलली.
घोडी हलली, दोर सुटला.

सावलीही गेली. आज्जाच्या डोक्यावरचा पटका झोपेत केव्हाच घरंगळला होता. ऊन पडलं थेट टकलावर. चट चट!

"अरं, पोळलं की!"

बुंदी म्हणाली, "काही होत नाही, आज्जा."

तेवढ्यात बाजारातून आज्जी आली. तिनं बुंदीची पाठ पाहिली. आज्जाचं टक्कल पाहिलं. पिशवी ठेवली खाली.

"उशी न्हवं ती. लेकराचं जावळ हाय. सकाळी कातरा म्हणलं व्हतं का न्हाई? बघताय काय? दोर बांधा, पानी शेंदा!"

आज्जानं बादलीला दोर बांधला. बादली गेली विहिरीत. डुबुक!

दोर सुटला, बादली भरली.
बादली भरली, कोरफड प्यायली. गट गट गट!
कोरफड प्यायली, कोरफडीनं गर दिला. एकच पान, पण जाडजूड.

आज्जीनं उचलला आज्जाचा पटका. गार पाण्यात बुडवला. पिळला. अलगद ठेवला बुंदीच्या पाठीवर.

"आहाऽऽ!" बुंदी म्हणाली.

पाठ गार झाली. मग आज्जीनं लावला गर. बुळबुळ बुळबुळ. हळूच, बोटाच्या टोकानं. चोळला नाही हं, नुसता लावला. बुंदी पाणी प्यायली. लप लप लप. घोडी आली आणि बुंदीला सावली करून उभी राहिली. कुणी न सांगता!

आज्जा म्हणाला, "मला बी जरा गर दे की. टक्कल चुरचुरतंय."

आज्जी म्हणाली, "पान संपलं."

बुंदी म्हणाली, "तेल चोळ, आज्जा."

संध्याकाळ झाली. चुरचुर थोडी कमी झाली. मग आणखी कमी झाली. मग कुठं गेली कळलंच नाही. बुंदी पटका पांघरून बसली होती. या खेपेला आई उठली. स्वतः चालत आली. बुंदी तिला चिकटली. दुखलं नाही. मग बुंदीला आली झोप.

नवं जावळ येईपर्यंत तो पटका बुंदीचाच.

आज्जाची उशी गेली. पटका गेला. टकलाची सालं निघाली.