इंग्रजी बातम्यांना आडवी गेलेली मुलगी

“आणि मुलाखत घेणारे मधेच बोलले, तेव्हा तू काय केलंस?”

“पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, भंते.”

“काय?”

“वाक्य.”

विहाराच्या ओट्यावर भंते शीलवंशांसमोर प्रणाली खिल्लारे ताठ बसली होती. तिची आई सुभद्राबाई दोन पायऱ्या खाली, पदर सावरून.

“किती वेळा?”

“ते तीनदा मधे बोलले. मी तीनदा सुरू केलं.”

“मग?”

“मग त्यातल्या एक बाई हसल्या. म्हणाल्या, फार सुरेख वाचता तुम्ही. कुणी लिहून दिलं?”

हे सांगताना प्रणालीचे कान लाल झाले. तो अपमान महिनाभर जुना होता, पण अजून ताजा होता.

हिंगोलीकडच्या त्या गावात इंग्रजी बोलणारी माणसं दोनच. एक भंते. ते सात वर्षं श्रीलंकेत होते आणि इंग्रजी व्हिसाच्या खिडकीवरच्या कारकुनाशी हुज्जत घालून शिकलो, असं स्वतःच सांगत. दुसरी प्रणाली. ती शिकली रेडिओवरच्या बातम्यांवर.

शिकली म्हणजे कशी? चार वर्षं, एकही सकाळ न चुकवता. बातम्या देणारी बाई बोले, तिच्या मागून अर्ध्या शब्दाच्या अंतरावर ही बोले. बाईने श्वास घेतला की हिने घ्यायचा. बाईचा आवाज खाली आला की हिचाही खाली. डोळे मिटून ऐकलं तर दोघींतली कोण कुठली ते कळू नये, अशी तयारी. गावाला तिचा अभिमान होता. तिला तर होताच.

शेतीची पदवी घेऊन तिने परदेशातल्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. मातीचा अभ्यास करायचा होता. मुलाखत मोबाइलवर झाली आणि हातातून गेली. नियमाप्रमाणे आणखी एक संधी होती, नऊ दिवसांनी. त्यानंतर तिचं वय नियमात बसणार नव्हतं.

भंतेंचा सल्ला घ्यायला ती आली नव्हती. मोबाइलला धड रेंज फक्त विहाराच्या टेकडीवर मिळते, म्हणून त्या दिवसापुरता ओटा मागायला आली होती. भंतेंनी विचारलं म्हणून बाकीचं सांगितलं.

“माझ्या इंग्रजीत चूक नाही, भंते. मधे बोलू नये, एवढी रीत त्यांनाच नाही.”

“खरं आहे,” भंते म्हणाले. “बातम्या देणाऱ्याला कुणी अडवत नाही.”

प्रणालीला वाटलं, भंते आपल्या बाजूचे आहेत.

“उद्या सकाळी रेडिओ घेऊन ये,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती रेडिओ घेऊन आली. लहानसा, निळा, भरतकामाच्या रुमालात गुंडाळलेला. घरी तो उंच फळीवर असे. इथे तिने तो भंतेंच्या आसनाजवळच्या टेबलावर ठेवला, रुमाल घडी करून खाली घातला, आणि स्वतः जमिनीवर बसली.

बातम्या सुरू झाल्या. प्रणाली मागून बोलू लागली. खरोखर सुंदर बोलत होती.

“प्रणाली,” भंते मधेच म्हणाले.

ती थांबली. तिचा उजवा हात उठला आणि ओठांवर गेला.

भंतेंनी तो हात पाहिला. मग पायऱ्यांकडे पाहिलं. तिथे सुभद्राबाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मोठ्या माणसांसमोर तोंडावर पदर घ्यायचा, आपला श्वास त्यांच्याकडे जाऊ द्यायचा नाही, ही त्यांना लहानपणी मारून लावलेली सवय. प्रणालीला ती कुणी लावली नव्हती. घरात तसं कुणी लावूही दिलं नसतं.

भंते हाताबद्दल काही बोलले नाहीत.

“गावात तू कुणापुढे वाकतेस?”

“कुणापुढे नाही.” आवाजाला धार आली. “दहावीच्या सत्काराला सगळ्यांच्या हातात वही दिली. माझी टेबलावर ठेवली आणि म्हणले, घे उचलून. मी उचलली नाही. स्टेजवरून खाली आले.”

“माहीत आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे.” भंतेंनी रेडिओकडे बोट केलं. “आणि हिच्यापुढे?”

“कुणापुढे?”

“ही बाई रोज तुझ्या घरी येते. उंच फळीवर बसते. पंधरा मिनिटं एकटीच बोलते. तू खाली बसून तिच्या मागं मागं म्हणतेस. चार वर्षं झाली. एकदा तरी विचारलंस का, बाई, तू म्हणतेस ते कशावरून?”

“बातम्यांना कुणी विचारतं का, भंते?”

भंते उठले. त्यांनी रेडिओ उचलला, पायऱ्या उतरले, आणि तो चपलांच्या ओळीत, सुभद्राबाईंच्या झिजलेल्या चपलेशेजारी ठेवला. बाई आतून बोलतच होती.

प्रणाली ताडकन उठली.

“उचलू नकोस. कठड्यावर बस.”

प्रणाली कठड्यावर टेकली.

“बसलीस? आता तिला आडवी जा.”

ती आडवी जाईना. जायचं कसं, तेच तिला माहीत नव्हतं. बाई म्हणत होती, राज्यातल्या धरणांत इतके इतके टक्के पाणी आहे.

“म्हण, नो.”

“पण ते खरं आहे.”

“मी खोटं कुठं म्हणलं? आडवी जा म्हणलं.”

“नो,” प्रणाली पुटपुटली.

बाई पुढच्या बातमीला लागली.

“तिला ऐकू गेलं नाही, भंते.”

“तुला गेलं का?”

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी धरणाची बातमी पुन्हा आली, आणि प्रणालीच्या तोंडून इंग्रजीत निघून गेलं, “पाणी, पण कुणाच्या शेताला?” वाक्य मोडकंतोडकं होतं. भंतेंनी मान हलवली.

“काय म्हणली गं तिला?” सुभद्राबाईंनी खालून विचारलं.

प्रणालीने सांगितलं.

“मग हेबी इचार की. आमच्या गायरानात कवा येणार हाय म्हणावं.”

प्रणालीने तेही इंग्रजीत विचारलं. सुभद्राबाई पदराआड खुदखुदल्या. बाईने उत्तर दिलं नाही, ती क्रिकेटकडे वळली होती.

पाचव्या दिवसापासून आवाज टेकडीखाली जायला लागला. बोअरवर पाणी भरणाऱ्या बायका हंडा कमरेला तसाच ठेवून ऐकत उभ्या राहत. चांगली शिकलेली पोरगी चपलांशी भांडायला लागली म्हणून एकीने हळहळ केली. दुसरीने भंतेंनाच नावं ठेवली. गावाचं एक बरं असतं, काळजी आणि करमणूक एकदमच होते.

प्रणाली मात्र हादरली होती. बातम्यांची ती गुळगुळीत चाल तिच्या तोंडातून जाऊ लागली होती. बोलता बोलता ती अडखळे, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं धरी, परत पहिल्याकडे येई. चार वर्षं जे घासून पुसून लख्ख केलं होतं, त्याला आठ दिवसांत पोचे पडले.

आठव्या दिवशी तिने रेडिओ बंद केला.

“भंते, माझं सगळं बिघडलं.”

“हो.”

“तुम्ही बिघडवलंत.”

“हो.”

“उद्या शिष्यवृत्ती गेली तर?”

“तर जाईल.”

प्रणालीला असा संताप आला की तिचे डोळे भरले. भंतेंना निघताना तीनदा वंदन करायचं असतं. तिने एकदाही केलं नाही. चपला घातल्या आणि तरातरा टेकडी उतरली. रेडिओ तिथेच राहिला.

“सुखी हो,” भंते तिच्या पाठीला म्हणाले.

नववा दिवस उजाडला. ती आली. रेंज दुसरीकडे कुठेच नव्हती, नाहीतर आली नसती, हे तिने चेहऱ्याने स्पष्ट सांगितलं. कठड्यावर दोन विटा रचून त्यांना मोबाइल टेकवला. भंते कोपऱ्यात. सुभद्राबाई आपल्या पायरीवर.

पडद्यावर तीन चेहरे आले. मधे चष्मेवाले साहेब. डावीकडे त्या हसलेल्या बाई. तिसरे गृहस्थ लिहून घेणारे.

प्रणालीने सुरुवात केली. सुरुवात जुनीच होती. बातम्यांचा आवाज, बातम्यांचा श्वास. गावाजवळच्या गायरानावरची माती, तिची पाहणी, तिचे आकडे...

“एक मिनिट,” साहेब इंग्रजीत म्हणाले. “ही जमीन कागदोपत्री पडीक आहे. पडीक जमिनीतून एवढं पीक? आकड्यांत काही चूक आहे का?”

प्रणाली थांबली. हात उठला.

पायरीवरून सुभद्राबाई बघत होत्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण आपली मुलगी अडली, हे कळत होतं.

प्रणालीचे ओठ हलले. वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होतं... तेवढ्यात तिची नजर खाली गेली. चपलांच्या ओळीत तो निळा रेडिओ होता. बंद.

हनुवटीपर्यंत आलेला हात तिथेच थांबला.

“नो, सर,” ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा वर केला.

“पडीक नाही. पडीक तुमच्या कागदावर आहे. जमीन मी बघितली आहे, कागदाने नाही बघितली. माझ्या आईने अकरा वर्षं त्यातले दगड हाताने वेचले. त्याच दगडांचा बांध घातला. बांधामुळे माती राहिली. ती माती मी तोलली, तपासली, तीन वेळा. आकडा बरोबर आहे. कुणी अकरा वर्षं तिथं आलं नाही, म्हणून तुम्हाला तो चूक वाटतो.”

साहेब काही म्हणायला गेले.

“सर, तुम्ही मला मधेच थांबवलंत. माझं राहिलं आहे. ते आधी ऐका.”

ती इंग्रजी काही फार देखणी नव्हती. शब्द पुढेमागे होत होते, एखादा सापडत नव्हता, तर ती त्याच्याभोवती फिरून दुसऱ्या वाटेने येत होती. रेडिओवरची बाई त्यात कुठेच नव्हती. हिंगोली होती.

साहेब पुन्हा मधे बोलले. तिने उत्तर दिलं आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे निघाली. मग त्या बाईंनी विचारलं, दगड वेचण्याने एवढा फरक पडतो, हे शास्त्राला धरून आहे का?

“तुम्ही कधी दगड वेचलेत, मॅडम?” प्रणालीने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग मी सांगते.”

वीस मिनिटांची मुलाखत चाळीस मिनिटं चालली. लिहून घेणारे गृहस्थ शेवटी लिहायचं सोडून नुसतेच ऐकत होते. निकाल तीन आठवड्यांनी कळवू, असं साहेबांनी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येत नव्हतं.

“या वेळी मात्र,” बाई म्हणाल्या, “कुणी लिहून दिलं, हे मी विचारणार नाही.”

पडदा काळा झाला.

प्रणाली हरली होती की जिंकली होती, तिला कळेना. एवढंच कळत होतं की आयुष्यात पहिल्यांदा ती इंग्रजीत कुणाशी तरी बोलली होती. कालचा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि त्या रागातच तिला भंतेंचे पाय धरावेसे वाटत होते. दोन्ही एकदम कसं करायचं, म्हणून ती नुसती उभी राहिली.

“काय झालं गं?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“आई, तुझं काम सांगितलं त्यांना.”

“माझं? माझं कशाला?” म्हणत त्यांनी पदर आणखी वर ओढला.

भंते कोपऱ्यातून उठून आले. रेडिओ त्यांनी उचलला, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिला.

“चांगलं बोललीस,” ते म्हणाले. “एक मात्र चुकलं. त्या बाईंना तू दगडांचं जे उलट विचारलंस, ते जरा—”

“ते चुकलं नाही, भंते. ज्यांनी कधी एक दगड उचलला नाही, त्यांनी आमच्या—”

ती थांबली.

भंतेंचं बोलणं मधेच तोडायला त्या गावात कुणी धजत नसे. सरपंचही नाही. मतं मागायला येणारे पुढारीही नाहीत. खाली पायरीवर सुभद्राबाई अर्धवट उभ्या राहिल्या होत्या. “अगं बाई...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

प्रणालीचा हात उठला. या वेळी हनुवटीपाशी थांबला नाही. ओठांवर गेला आणि तिथे घट्ट बसला.

वारा सुटला होता. विहारावरचा झेंडा फडफडत होता. भंते एक पाऊल पुढे आले.

“हात काढ,” ते म्हणाले. “आणि वाक्य पुरं कर.”